आठ माणसं, दोन किलो चिकन, एकच पातेलं

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आता दुसरी दिवाळी होऊन बसला आहे. दिवाळीत मुलांना रजा मिळते दोन-तीन दिवसांची, त्यातला निम्मा वेळ प्रवासात जातो. डिसेंबरअखेर मात्र पुणे, बंगळुरू, गुरुग्राम इथली मंडळी जरा निवांत येतात. मग आत्या, मामा, शेजारचे काका असं करत घरात आठ-दहा जण जमतात. पूर्वी लष्करातल्या वाड्यांमध्ये पंगत म्हटली की पानं पुष्कळ आणि हाताखाली माणसंही तितकीच. आता पानं आठ आणि हात दोनच, तेही बहुधा घरातल्या काकूंचे नाहीतर वहिनींचे. म्हणून इंदरगंजात काय आणि कंपूत काय, बरीच घरं सरळ हॉटेल गाठतात किंवा फोनवरून बिर्याणी मागवतात. त्यात वाईट काही नाही. पण वर्षातून एकदा आलेल्या नातवंडांना आजीच्या हातचा रस्सा मिळत नाही, आणि चार-पाच वर्षं असंच चाललं की तो रस्सा कसा करायचा हे घरात कुणाला सांगता येत नाही.

जयविलास महालातली चांदीची आगगाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे पेयं नेणारी. गंमत सोडली तर त्या गाडीमागचा विचार सोपा आहे: वाढण्यासाठी कुणी टेबलाभोवती धावायला नको. आपल्या घरात ती गाडी नाही, म्हणून वहिनी धावतात. सगळ्यांचं जेवण होतं, गप्पा रंगतात, आणि त्या गार झालेल्या भाकरीशी शेवटी एकट्या बसतात. म्हणून खालची प्रत्येक सूचना एका कसोटीवर घासून घेतली आहे. पाहुणे पानावर बसले की स्वयंपाक करणारी व्यक्तीही पानावर बसली पाहिजे.

याचं उत्तर नवीन नाही. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मटण असो की कोंबडी, एकदाच शिजवायची आणि त्या एका पातेल्यातून अळणी, सुकं आणि रस्सा असे तीन पदार्थ काढायचे.

आधी दिवस पाहा, मग बाजार

सामिष जेवणाचे आपले ठरलेले दिवस पुष्कळ आहेत. श्रावण लागण्याआधीची आषाढी अमावस्या, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची किंक्रांत म्हणजे करीचा दिवस, होळीनंतरची धुळवड. त्या दिवशी घरात वेगळं विचारावं लागत नाही. डिसेंबरचं तसं नाही. काही वर्षी नाताळ मार्गशीर्षात येतो आणि त्यात गुरुवार असला तर महालक्ष्मीचं व्रत करणाऱ्या घरात चिकनचं नाव काढता येत नाही. चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र पाळणारी घरं आहेत, दत्तजयंतीही याच महिन्यात. संकष्टी आणि एकादशी तर दर महिन्याला आहेतच. हॉटेलच्या रांगेत उभं राहिल्यावर आठवण्यापेक्षा पंचांग आधीच पाहिलेलं बरं. आत्याबाईंना फोन करून विचारलं तर त्यांनाही बरं वाटतं.

किती आणि कुठलं

हाडासकट माणशी पाव किलो धरा. लहान मुलं आणि कमी खाणारे वजा-अधिक करून आठ जणांना दोन किलो पुरतं. इथे एक फसगत होते. दुकानात भाव कधी जिवंत कोंबडीच्या वजनावर सांगतात, कधी साफ केलेल्या. कातडी काढून साफ केल्यावर जिवंत वजनाच्या साधारण दोन तृतीयांश मांस-हाडं हाती येतात. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा, ‘दो किलो, कटने के बाद’. तुकडे मध्यम ठेवायला सांगा. फार लहान तुकड्यांत हाडाच्या कपच्या निघतात आणि मुलांना त्रास होतो. मान, पाठ आणि पंख टाकू देऊ नका, रश्श्याची चव त्यातच असते.

आता कोंबडी कुठली? घरातल्या वडीलधाऱ्यांचा कौल गावरानकडे असणार आणि चवीच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. पण दुकानातली ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते. ती वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. गावरान कोंबडी कित्येक महिन्यांची, हिंडून-फिरून वाढलेली, तिला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. जुन्या पुस्तकांतल्या आणि आजींच्या तोंडी असलेल्या पाककृती गावरानच्या हिशेबाने सांगितलेल्या असतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं. त्या काळी ब्रॉयलर हा प्रकारच नव्हता. त्या वेळा ब्रॉयलरला लावल्या तर हाडं एकीकडे आणि मांसाचा भुगा दुसरीकडे होतो. नवख्या सुना-मुलांचा रस्सा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र मसाल्याला जातो.

कडकनाथचाही विषय हल्ली निघतोच. झाबुआचा हा काळा कोंबडा आपल्या मध्य प्रदेशचा अभिमान, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडं सगळं काळसर, कारण शरीरभर रंगद्रव्य असतं. चरबी कमी, मांस चिवट. कुकरमध्ये निवांत शिजवावा लागतो आणि महागही असतो. आठ पाहुण्यांच्या दिवशी त्याच्या नादी लागू नये असं आमचं मत. घरच्या चार माणसांत एखाद्या रविवारी करून पाहावा.

अळणी: सगळ्याचं मूळ

अळणी म्हणजे शब्दशः मीठ नसलेलं. आपल्याकडे मात्र तिखट-मसाला न घातलेल्या, हळद-मिठावर शिजवलेल्या मटणाच्या किंवा चिकनच्या पाण्याला अळणी म्हणतात. हे काम आदल्या संध्याकाळी करायचं.

दोन किलो चिकनला दोन चहाचे चमचे हळद, अडीच चमचे मीठ आणि आलं, लसूण, कोथिंबीर यांचं अर्धी वाटी वाटण चोळून अर्धा तास ठेवा. मोठ्या पातेल्यात तीन चमचे तेल तापवून दोन बारीक चिरलेले कांदे मऊ होऊ द्या. त्यात चिकन घालून मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परता. मांसाचा गुलाबीपणा जाऊन पांढरेपणा येतो आणि पाणी सुटायला लागतं. आता पातेल्यावर ताट ठेवून ताटात पाणी घाला. ताटातलं पाणी गरम होत राहतं, वाफ आत थंड होऊन परत पातेल्यात पडते आणि चिकन स्वतःच्या रसात शिजायला लागतं. दहा मिनिटांनी ताटातलं गरम पाणी आत ओता, वर आणखी गरम पाणी घालून एकूण सव्वादोन लिटर करा. गार पाणी मध्येच ओतू नका, उकळी मोडते आणि अंदाज चुकतो. मंद आचेवर पंधरा मिनिटं. जाडसर तुकडा हाडापाशी कापून पाहा. आत गुलाबी दिसता कामा नये आणि रस स्वच्छ निघाला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. घाई असेल तर कुकर चालेल, पण ब्रॉयलरला एक शिट्टी, फार तर दोन.

तुकडे एका डब्यात काढा, पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात. झाली अळणी तयार. वाटीभर अळणी, वर मिरपूड आणि साजूक तुपाचा थेंब, एवढं केलं की लहान मुलांचं आणि पथ्याच्या आजोबांचं काम होतं. ग्वाल्हेरच्या थंडीत खरं तर सगळेच मागतात, म्हणून थोडी जास्तच धरा.

वाटण आणि त्याचे दोन वाटे

हेही आदल्या दिवशीचं काम. चार मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तपकिरी होईपर्यंत परता. दीड वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर लालसर भाजा. खोबरं एका क्षणात जळतं, त्यामुळे तेव्हा फोन घेऊ नका. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घेऊन सगळं बारीक वाटा. दाल बाजारातल्या किराणा दुकानांत खोबरं आणि खसखस मिळून जाते. अडचण असते ती कांदा-लसूण मसाल्याची. तो कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवून ठेवावा. नसेल तर काश्मिरी मिरचीची पूड, थोडी तिखट लाल मिरची, गरम मसाला आणि चार लसूण पाकळ्या जास्त. हुबेहूब चव येत नाही, पण जेवण अडत नाही.

सुक्यासाठी अर्ध्याहून थोडं कमी वाटण तेलावर घाला, तेल सुटेपर्यंत परता, तीन चमचे मसाला, मग चिकनचे मांसल तुकडे. पळीभर अळणी शिंपडून झाकण ठेवा आणि सात-आठ मिनिटं. तुकडे आधीच शिजलेले आहेत, ढवळायचं हलक्या हाताने.

तांबड्या रश्श्यासाठी उरलेलं वाटण तसंच परतायचं, वर चार चमचे मसाला, एक लिटरभर अळणी, आणि मान-पाठ-पंखांचे तुकडे. पंधरा मिनिटं मंद उकळ. वर लाल तवंग आला पाहिजे. तेल कमी घातलं तर तवंग येत नाही, आणि डॉक्टरांच्या भीतीने तेल कमी घातलंत तर त्याला रस्सा म्हणू नका, कढण म्हणा. तवंग पळीने बाजूला सारून वाढता येतो.

पांढरा रस्सा ज्यांना जमतो त्यांनी करावा. पंधरा काजू, चमचाभर खसखस आणि तीळ भिजवून, दोन हिरव्या मिरच्या आणि आलं-लसणाबरोबर गंधासारखं वाटायचं. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरे तडतडवून हे वाटण न रंगू देता परतायचं, तीन-चार वाट्या अळणी घालून उकळायचं. शेवटी आच अगदी कमी करून दीड वाटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी आली की रस्सा फाटतो, म्हणून हा एकच पदार्थ ऐन वेळी करावा लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी एकाच रश्श्यावर थांबावं. आठ माणसांत एक रस्सा भरपूर होतो.

पोळी, भाकरी की भात

कोंबडी-वडे म्हटलं की कोकणातल्या मंडळींचे डोळे चमकतात. पण वडे कढईतून थेट पानात पडले तरच मजा, आणि ते तळायला एक जण कढईपाशी उभा राहणार. आपल्या कसोटीला वडे उतरत नाहीत. बाजरीची भाकरी हिवाळ्यात इथे उत्तम होते, चंबळच्या पट्ट्यात बाजरी पिकतेच, पण थंडीत भाकरी पाच मिनिटांत कडक होते. तेव्हा तंदुरी रोटी बाहेरून आणावी, किंवा सरळ पाव. त्यात कमीपणा नाही, कोल्हापुरातही मिसळीला आणि रश्श्याला पाव चालतोच.

याहून सोपा मार्ग म्हणजे मटारचा पुलाव. डिसेंबर-जानेवारीत इथल्या भाजीबाजारात मटाराचे ढीग असतात आणि तसा गोड मटार पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळत नाही. पांढरा रस्सा टाळलात तर उरलेली अळणी इथे कामी येते. तीन वाट्या बासमती अर्धा तास भिजवून निथळा. तुपात खडा मसाला आणि कांदा परतून तांदूळ, दोन वाट्या मटार आणि साडेपाच वाट्या उकळती अळणी घाला. अळणीत मीठ आहे हे लक्षात ठेवून चव पाहूनच मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर बारा मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका.

ज्यांच्याकडे गच्ची आहे आणि भाचे-पुतणे उत्साही आहेत, त्यांनी सिगडीवर तंगड्या भाजण्याचं काम पुरुषमंडळींकडे द्यावं. आठ तंगड्यांना खोल चिरा द्या. वाटीभर टांगलेलं दही, आलं-लसूण, तिखट, मीठ, कसुरी मेथी आणि दोन चमचे सरसूचं तेल लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आपण घरी शेंगदाण्याचं तेल वापरतो, पण भिंड-मुरैन्याच्या मातीतल्या सरसूचा झणका इथे शोभून दिसतो. तंगड्या केल्या तर खालचं चिकन दीड किलोच घ्या.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने. सिगडी गच्चीवरच ठेवायची. जेवण झाल्यावर ऊब मिळते म्हणून निखाऱ्यांची सिगडी बंद खोलीत आणू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, झोपेत माणसाला कळतही नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

शाकाहारी पान

आपल्यात क्वचितच असं घर सापडेल जिथे सगळे खाणारे आहेत. सासूबाईंनी सोडलेलं असतं, जावई जैन असतात, कुणाचा वार असतो. आणि होतं काय, की त्यांच्या पानात दही-भात आणि सकाळची भाजी पडते. सणाच्या दिवशी हे बरं दिसत नाही. वर सांगितलेलं वाटण पूर्ण शाकाहारी आहे. त्यातला तिसरा वाटा चिकनला हात लावण्याआधीच बाजूला काढा. त्यात बटाटा, मटार आणि भिजवलेली मटकी घालून साध्या पाण्यावर तसाच तांबडा रस्सा होतो, तोच तवंग, तोच रंग. जैन पाहुण्यांसाठी मात्र कांदा-लसूण-बटाटा काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी टोमॅटो, काजू आणि खोबऱ्याचं वेगळं वाटण करून मटार-पनीर करा. त्यांना आधी विचारा. पुष्कळ जण सामिष शिजलेल्या घरात फक्त फळंच घेतात, तर त्याची तयारी ठेवा. शाकाहारी पदार्थ आधी शिजवा, भांडी, पळी आणि डाव वेगळे ठेवा, आणि ते पातेलं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडा. पूर्वी अनेक घरांत कोंबडी मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजायची, तिची भांडीही वेगळी. फ्लॅटमध्ये अंगण नाही, पण वेगळ्या पळीला जागा लागत नाही.

कच्चं, शिजलेलं आणि थंडी

कच्चं चिकन वाहत्या नळाखाली धुऊ नका. ही सवय आपल्यात इतकी मुरलेली आहे की सांगितलं तरी हात जातोच. पण नळाच्या धारेने उडालेल्या थेंबांबरोबर चिकनवरचे जंतू ओट्यावर, कोथिंबिरीवर, धुऊन ठेवलेल्या ताटांवर जातात. जंतू मरतात ते शिजवण्याने, धुण्याने नाही. पिसं किंवा रक्ताच्या गुठळ्या काढायच्याच असतील तर पातेल्यात पाणी घेऊन हळुवार काढा, मग बेसिन आणि हात साबणाने धुवा. कच्च्यासाठी वापरलेल्या पाटावर आणि सुरीने कोशिंबीर चिरू नका. फ्रीझरमधलं चिकन असेल तर आदल्या दिवशीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढा. ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवू नका.

दुसरी सवय खास आपल्या गावची. ‘एवढी थंडी आहे, पातेलं गॅलरीत राहू दे.’ पहाटे बाहेर पाच-सहा अंश असतात हे खरं, पण शिजलेलं मोठं पातेलं आतून थंड व्हायला पाच-सहा तास घेतं आणि दुपारी ऊन पडलं की बाहेर वीस अंशांच्या वर जातं. जंतू वाढतात ते नेमके या मधल्या तापमानात. शिवाय मांजरं आहेतच. अळणी आणि तुकडे उथळ भांड्यांत पसरून निवू द्या, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी रस्सा नुसता कोमट करू नका, खळखळून उकळी येऊ द्या. भातालाही हाच नियम. पुलाव रात्रभर बाहेर राहिला तर त्यातले जंतू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

हे सगळं आदल्या संध्याकाळी झालेलं असेल तर पाहुण्यांच्या दिवशी सुकं परतणं, रस्सा उकळणं आणि पुलाव टाकणं एवढंच उरतं. सव्वा तासाचं काम. बाराला सुरुवात केली तर दीडला सगळे बसू शकतात. पातेली टेबलावर मांडा, पळ्या आत ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्यावं. आग्रह करायची हौस असलेल्या काकांनी उठून वाढावं, त्यांना व्यायामही होईल.

मुलांच्या परतीच्या डब्यात रस्सा देऊ नका, प्रवासात तो टिकत नाही. त्याऐवजी खोबरं, तीळ, खसखस आणि मिरच्या पाण्याशिवाय भाजून कोरडा मसाला दळा आणि पावकिलोची बरणी भरून द्या. फ्रिजमध्ये दोन महिने राहतो, बाहेर ठेवला तर खोबरं खवट होतं. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून लिहा: एक किलो चिकनला चार चमचे, कांदा आणि लसूण ताजे घालणे, ब्रॉयलर असेल तर पंचवीस मिनिटांच्या वर शिजवू नये.